मंडळीची शाळा, शाळेचे महाविद्यालय: पहिल्या ठरावापासून संलग्नतेपर्यंत

आपल्या मंडळीची किंवा धर्मग्रामाची (पॅरिशची) स्वतःची शाळा असावी, हा विषय महाराष्ट्रातील बहुतेक ख्रिस्ती समुदायांत कधी ना कधी निघतो. चर्चेची सुरुवात जवळजवळ नेहमीच जागेपासून होते. चर्चच्या मागे पडीक जमीन आहे, एखाद्या कुटुंबाने चार खोल्या देऊ केल्या आहेत, म्हणून शाळा काढावी, असा विचार पुढे येतो. या लेखात सुचवलेला क्रम याच्या उलट आहे. आधी गरज, मग ठराव, मग संस्था, त्यानंतर जमीन आणि परवानगी, आणि महाविद्यालयाचा विचार त्याहून बऱ्याच उशिरा. हा क्रम चुकल्यामुळे अडचणीत आलेल्या शाळा आपल्याकडे कमी नाहीत.

गरज नेमकी कोणाची, हे आधी लिहून काढा

मराठी मुलखातील जुन्या मिशन शाळा टिकल्या, त्याचे एक मोठे कारण असे की त्यांच्या संस्थापकांनी कोणाला शिक्षण मिळत नाही हे पाहून कामाची जागा निवडली. अमेरिकन मराठी मिशनच्या सिंथिया फरार १८२७ मध्ये मुंबईत आल्या आणि १८३९ मध्ये अहमदनगरला गेल्या. तेथे १८६२ मध्ये मृत्यू येईपर्यंत त्यांनी मुलींच्या शिक्षणाचेच काम केले. जोतीराव फुले यांनी नगरमधील त्यांची शाळा पाहिली होती, आणि १८४८ मध्ये पुण्यात मुलींची शाळा काढण्यामागे त्या भेटीची प्रेरणा होती. शंभर वर्षांनी, १९४७ मध्ये, डॉ. भास्कर पांडुरंग हिवाळे यांनी त्याच नगरमध्ये अहमदनगर कॉलेज स्थापन केले, तेव्हा उच्च शिक्षणासाठी जिल्ह्यातील मुलांना पुणे-मुंबई गाठावी लागत असे. दोन्ही वेळी उणीव नेमकी होती आणि संस्थेचे काम त्या उणिवेला धरून ठरले.

म्हणून समितीने पहिले दोन-तीन महिने फक्त माहिती गोळा करण्यात घालवावेत. मंडळीतील प्रत्येक कुटुंबाची मुले कोठे शिकतात, कोणत्या इयत्तेनंतर शाळा सोडतात, फी किती भरतात आणि प्रवासाला किती वेळ लागतो, हे घरोघरी जाऊन विचारावे. चार-पाच किलोमीटरच्या परिसरातील सर्व शाळांची यादी माध्यम, इयत्ता आणि पटसंख्येसह करावी; यू-डायस या शाळांच्या माहितीच्या शासकीय प्रणालीतील नोंदींचा त्यासाठी चांगला उपयोग होतो. शाळेचे माध्यम या माहितीवरून ठरावे. इंग्रजी माध्यमाची मागणी सर्वत्र ऐकू येते हे खरे. तरीही वस्तीतील चांगली मराठी शाळा बंद पडत असताना तिच्या शेजारी पाचवी इंग्रजी शाळा उघडणे हे माझ्या मते धाडस नसून आळस आहे.

संस्थापक ठराव: एक पान, पण सर्वांत महत्त्वाचे

राज्यघटनेच्या अनुच्छेद ३०(१) ने धार्मिक व भाषिक अल्पसंख्याकांना आपल्या पसंतीच्या शिक्षणसंस्था स्थापन करण्याचा आणि त्या चालवण्याचा हक्क दिला आहे. यातील ‘स्थापन करणे’ आणि ‘चालवणे’ हे शब्द जोडून वाचले जातात. संस्था समाजाने स्थापन केली हे सिद्ध झाले, तरच ती चालवण्याच्या हक्काचे संरक्षण मिळते. हा वाद उभा राहतो तो स्थापनेनंतर तीस, पन्नास किंवा शंभर वर्षांनी, आणि तोपर्यंत संस्थापकांपैकी कोणीही साक्षीला उरलेले नसते.

बिहारमधील भागलपूरच्या चर्च मिशनरी सोसायटीच्या शाळेचे उदाहरण प्रत्येक समितीने वाचावे असे आहे. ही शाळा १८५४ ची. पैसा बराचसा परदेशातून आलेला असल्यामुळे ती भारतीय अल्पसंख्याकांनी स्थापन केलेली नाही, असा युक्तिवाद झाला. सर्वोच्च न्यायालयाने १९६९ मध्ये तो फेटाळला, कारण स्थानिक ख्रिस्ती लोकांनी एकत्र येऊन शाळा उभारल्याचे जुन्या कागदपत्रांतून दिसत होते आणि बाहेरून मदत मिळाली एवढ्याने त्यांचा हक्क जात नव्हता. याच्या अगदी विरुद्ध प्रकरण १९८६ चे, आंध्र प्रदेशातील. तेथे ख्रिस्ती नाव धारण करणाऱ्या एका संस्थेने परवानगी नसताना वैद्यकीय महाविद्यालयासाठी विद्यार्थ्यांकडून पैसे गोळा केले होते. न्यायालयाने मुखवट्यामागे पाहण्याचा आपला अधिकार वापरला आणि अनुच्छेद ३० चे संरक्षण नाकारले. नावात ‘ख्रिस्ती’ किंवा ‘सेंट’ असल्याने काहीही सिद्ध होत नाही, हे या निकालाने स्पष्ट झाले.

अलीगढ मुस्लिम विद्यापीठाच्या प्रकरणात सात न्यायाधीशांच्या घटनापीठाने ८ नोव्हेंबर २०२४ रोजी चार विरुद्ध तीन अशा बहुमताने जो निकाल दिला, त्यात स्थापना ओळखण्याच्या कसोट्या सांगितल्या आहेत. संस्थेची कल्पना कोणाची होती, ती कोणाच्या हितासाठी होती, आणि पैसा, जमीन व खटपट कोणाची होती, हे पत्रव्यवहार, ठराव आणि भाषणे यांतून पाहावे, असा त्यांचा आशय आहे. निकाल एका विद्यापीठाविषयीचा असला, तरी नव्याने शाळा काढणाऱ्याला तो कागदपत्रांची यादीच करून देतो.

तेव्हा पहिल्या सभेचे इतिवृत्त हजेरी आणि सह्यांसह बांधीव वहीत लिहावे. सभा कोणत्या मंडळीची होती, शाळेची सूचना कोणी मांडली, कोणाच्या मुलांची कोणती गरज पूर्ण करायची आहे आणि प्रारंभीच्या वर्गण्या कोणी दिल्या, याची नोंद त्यात असावी. उद्देशाचे वाक्य साधारण असे लिहिता येईल: ‘... येथील ख्रिस्ती समाजातील मुलामुलींच्या शैक्षणिक उन्नतीसाठी, ख्रिस्ती मूल्यांना अनुसरून, शाळा व महाविद्यालये स्थापन करणे आणि चालवणे, व त्यांत जात, धर्म वा लिंग यांचा भेद न करता इतरांनाही प्रवेश देणे.’ शेवटच्या भागामुळे अल्पसंख्याक स्वरूप जाईल अशी भीती अनेकांना वाटते, पण ती निराधार आहे. केरळ शिक्षण विधेयकावरील १९५८ च्या मतापासूनच न्यायालयाने मान्य केले आहे की, इतर समाजांची मुले घेतल्याने संस्था अल्पसंख्याक राहत नाही असे होत नाही. महाविद्यालयाचा उल्लेख मात्र संस्थेच्या पहिल्याच घटनेत (नियमावलीत) हवा, नाहीतर वीस वर्षांनी उद्देशात दुरुस्ती करत बसावे लागते.

संस्था कोणती, आणि चर्चशी तिचे नाते काय

महाराष्ट्रात रूढ मार्ग म्हणजे १८६० च्या संस्था नोंदणी अधिनियमाखाली संस्था नोंदवणे आणि त्याबरोबर महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्तव्यवस्था अधिनियम, १९५० खाली न्यास म्हणून नोंद करून घेणे. फक्त विश्वस्तव्यवस्था किंवा कंपनी कायद्याच्या कलम ८ खालील कंपनी हेही पर्याय आहेत. बहुसंख्य विश्वस्त ख्रिस्ती असतील, हे घटनेतच लिहावे. अल्पसंख्याक दर्जासाठी अर्ज करताना ते पाहिले जाते.

खरा अवघड प्रश्न चर्च आणि संस्था यांच्या नात्याचा आहे. पाळक किंवा धर्मगुरू पदसिद्ध अध्यक्ष असावेत का, बिशपांना विश्वस्त नेमण्याचा अधिकार असावा का, मंडळीत फूट पडली किंवा ती दुसऱ्या संघटनेत विलीन झाली तर शाळा कोणाची, याची उत्तरे प्रारंभीच घटनेत हवीत. १९७० मध्ये सहा मंडळ्या एकत्र येऊन चर्च ऑफ नॉर्थ इंडिया स्थापन झाले. त्यानंतर जुन्या मंडळ्यांच्या मिळकतींवरून अनेक वाद न्यायालयांत गेले. गुजरातमधील ब्रदरन चर्चच्या मिळकतीबाबत सर्वोच्च न्यायालयाने २००५ मध्ये सांगितले की, ज्या प्रश्नांचा निर्णय विश्वस्तव्यवस्था अधिनियमाने धर्मादाय यंत्रणेकडे सोपवला आहे, त्यांसाठी दिवाणी न्यायालयात जाता येणार नाही. मंडळ्यांनी आपसांत केलेल्या ठरावाने मिळकत आपोआप हलत नाही, ती धर्मादाय आयुक्तांच्या नोंदीत बदलावी लागते.

विश्वस्त बदलले की कलम २२ खालील बदल अर्ज नव्वद दिवसांत दाखल करावा. हे काम कंटाळवाणे असते आणि म्हणूनच राहून जाते. माझ्या माहितीतील एका जुन्या शाळेत तीन कार्यकारिणींचे बदल अर्ज प्रलंबित राहिले होते, आणि शिक्षकांच्या नेमणुकांवर सही करण्याचा अधिकार कोणाला, याच प्रश्नावर तेथील दोन शैक्षणिक वर्षे गेली.

जमीन आणि पैसा

चर्चच्या न्यासाची जमीन शाळेच्या संस्थेला देताना ‘आपलीच तर आहे’ असे म्हणून तोंडी व्यवहार करू नये. विश्वस्तव्यवस्था अधिनियमाच्या कलम ३६ प्रमाणे न्यासाच्या स्थावर मिळकतीची विक्री, अदलाबदल किंवा बक्षीस, तसेच बिगरशेती जमीन वा इमारत तीन वर्षांहून अधिक आणि शेतजमीन दहा वर्षांहून अधिक मुदतीने भाड्याने देणे, यांसाठी धर्मादाय आयुक्तांची पूर्वपरवानगी लागते. शाळेच्या परवानगीसाठी दीर्घ मुदतीचा भाडेपट्टा लागतो, म्हणजे ही परवानगी आधी मिळवणे आले. इमारतीसाठी कर्ज काढतानाही कलम ३६-अ प्रमाणे मंजुरी घ्यावी लागते. शेतजमीन नव्याने विकत घ्यायची असेल, तर शेतकरी नसलेल्या खरेदीदारावर कूळकायद्याच्या कलम ६३ चे बंधन येते, म्हणून इसार देण्यापूर्वी सातबारा उतारा आणि फेरफार वकिलाकडून तपासून घ्यावेत.

परदेशी देणगीवर शाळा उभी राहील, हा समज आता सोडलेला बरा. विदेशी अंशदान अधिनियमाखाली नोंदणी मिळण्यासाठी संस्थेला किमान तीन वर्षे झालेली असावी लागतात आणि त्या काळात तिने आपल्या उद्दिष्टांवर किमान १५ लाख रुपये खर्च केलेले असावे लागतात. २०२० च्या दुरुस्तीनंतर असा निधी स्टेट बँकेच्या नवी दिल्लीतील मुख्य शाखेतील खात्यातच स्वीकारता येतो, आणि एका नोंदणीकृत संस्थेला तो दुसऱ्या संस्थेकडे वळवता येत नाही. धर्मप्रांताकडे नोंदणी आहे, त्यांच्यामार्फत पैसे आणू, ही वाट त्यामुळे बंद झाली आहे.

राहतात स्थानिक वर्गण्या, माजी विद्यार्थी आणि फी. फीबाबत महाराष्ट्राचा २०११ चा शुल्क विनियमन अधिनियम पालक-शिक्षक संघाच्या कार्यकारी समितीला महत्त्वाचे स्थान देतो, तर प्रवेशासाठी देणगी घेण्यास १९८७ च्या अधिनियमाने मनाई आहे. पहिल्या पाच वर्षांचा अंदाजपत्रकीय हिशेब करताना वर्ग अर्धेच भरतील असे धरावे आणि किमान वर्षभराचा पगार बाजूला ठेवूनच दार उघडावे.

परवानगी आणि अल्पसंख्याक दर्जा

या दोन स्वतंत्र गोष्टी आहेत आणि त्यांची गल्लत वारंवार होते. नव्या खासगी शाळेला परवानगी महाराष्ट्र स्वयंअर्थसहाय्यित शाळा अधिनियम, २०१२ खाली मिळते. तीत जमीन, ठेव निधी आणि भौतिक सुविधा यांच्या अटी क्षेत्रानुसार वेगळ्या असतात. अशा शाळेला पुढे अनुदान मिळेल या आशेवर काही ठरवू नये, कारण शासनाचे अनुदान न घेणाऱ्या शाळांसाठीच हा कायदा आहे.

अल्पसंख्याक दर्जासाठी राज्याच्या अल्पसंख्याक विकास विभागाकडे अर्ज करता येतो, तसेच राष्ट्रीय अल्पसंख्याक शैक्षणिक संस्था आयोगाकडेही जाता येते. या आयोगाला दर्जा ठरवण्याचा अधिकार असल्याचे सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये पश्चिम बंगालमधील ख्रिस्ती धर्मभगिनींच्या एका संस्थेच्या प्रकरणात स्पष्ट केले. आयोगाच्या २००४ च्या अधिनियमातील कलम १० प्रमाणे नवी संस्था स्थापन करण्यासाठी ना-हरकत प्रमाणपत्राचा अर्ज केल्यावर नव्वद दिवसांत निर्णय कळवला गेला नाही, तर ते प्रमाणपत्र मिळाल्याचे मानले जाते. म्हणूनच प्रत्येक अर्जाची पोच तारखेच्या शिक्क्यासह घ्यावी. त्या शिक्क्याशिवाय नव्वद दिवस मोजता येत नाहीत.

शिक्षण हक्क अधिनियमाबाबत स्थिती अशी: सर्वोच्च न्यायालयाच्या २०१४ च्या प्रमती निकालाने तो अल्पसंख्याक शाळांना, अनुदानित असोत वा विनाअनुदानित, लागू होत नाही असे ठरवले. १ सप्टेंबर २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या दुसऱ्या पीठाने त्या निकालाच्या योग्यतेविषयी शंका व्यक्त करून प्रश्न मोठ्या पीठापुढे जावा असे म्हटले. नव्या संस्थेने या सवलतीवर आपले गणित बेतू नये. शिक्षक पात्रता परीक्षा उत्तीर्ण असलेलेच शिक्षक नेमावेत आणि वस्तीतील गरीब मुलांसाठी काही जागा स्वतःहून ठेवाव्यात. निकाल कसाही लागला, तरी मग धावपळ होत नाही.

मुख्याध्यापक आणि शिक्षक

महाराष्ट्रात खासगी शाळांतील कर्मचाऱ्यांच्या सेवाशर्ती १९७७ च्या अधिनियमाने आणि १९८१ च्या नियमावलीने ठरतात. त्या अधिनियमाच्या कलम ३(२) ने अल्पसंख्याक शाळेला मुख्याध्यापकाच्या आणि व्यवस्थापनाने नावे कळवलेल्या जास्तीत जास्त तीन अन्य व्यक्तींच्या भरतीबाबत मोकळीक दिली आहे. ही सवलत आहे म्हणून सेवाज्येष्ठ शिक्षकाला डावलून नात्यातील माणूस नेमला, तर शिक्षकखोलीतील विश्वास जो जातो, तो परत येत नाही. शिक्षक कायम होण्यापूर्वी परिवीक्षा काळ, म्हणजे चाचणीचा काळ, असतो. त्या काळातील कामाचे शेरे वेळच्या वेळी लेखी नोंदवले नाहीत, तर शाळा न्यायाधिकरणापुढे संस्थेची बाजू लंगडी पडते.

प्रार्थना, बायबल आणि पालकांचा विश्वास

मिशनरी जॉन विल्सन यांनी १८३२ मध्ये मुंबईत सुरू केलेल्या शाळेत पारशी आणि हिंदू घरांतील मुले इंग्रजी शिकायला येत. १८३९ मध्ये धनजीभाई नौरोजी आणि होरमसजी पेस्तनजी या दोन पारशी विद्यार्थ्यांनी बाप्तिस्मा घेतला. त्यावर शहरात मोठे वादळ उठले, प्रकरण न्यायालयात गेले आणि शाळेचा पट एकाएकी रोडावला. शाळा त्यातून सावरली आणि आजचे विल्सन कॉलेज झाली, पण त्याला वेळ लागला. शाळेतील धर्मशिक्षण आणि पालकांचा विश्वास यांतील हा ताण जुनाच आहे.

आज त्याबाबत राज्यघटनेचा स्पष्ट नियम आहे. अनुच्छेद २८(३) प्रमाणे, शासनमान्य किंवा शासकीय साहाय्य घेणाऱ्या संस्थेत कोणालाही स्वतःच्या, आणि मूल अज्ञान असल्यास पालकाच्या, संमतीशिवाय धार्मिक शिक्षण किंवा उपासना यांत सहभागी व्हायला लावता येत नाही. म्हणून प्रवेशअर्जासोबत वेगळा संमतिपत्राचा कागद द्यावा, तो मराठीत असावा, आणि ‘नाही’ म्हणणाऱ्या पालकाच्या मुलासाठी त्या तासाला मूल्यशिक्षण किंवा वाचनालय अशी खरी सोय असावी. वऱ्हांड्यात बसवून ठेवणे ही सोय नव्हे. रोजच्या परिपाठात काय म्हटले जाते, ते पालकसभेत आधीच वाचून दाखवावे. गैरसमजांना निम्म्याहून अधिक आळा तेथेच बसतो.

शाळेतून महाविद्यालयाकडे

वाढ नैसर्गिकरीत्या, इयत्तेमागून इयत्ता अशी व्हावी. पहिली तुकडी दहावीला पोचेपर्यंत दुसरी शाखा काढू नये. नागपूरचे उदाहरण यासाठी बोलके आहे. मिशनरी स्टीफन हिस्लॉप १८४५ मध्ये तेथे आले, १८४६ मध्ये त्यांनी शाळा काढली आणि १८६३ मध्ये त्यांना पाण्यात बुडून मृत्यू आला. त्यांच्या नावाचे महाविद्यालय सुरू झाले ते १८८३ मध्ये, म्हणजे शाळेनंतर ३७ वर्षांनी. मुंबईत जेझुइट या कॅथलिक संघाच्या धर्मगुरूंनी १८६९ मध्ये सेंट झेवियर्स कॉलेज काढले, तेही त्यांच्या शाळांचे काम उभे राहिल्यावर. शाळेने तयार केलेले विद्यार्थी आणि शहरात मिळवलेले नाव, या भांडवलावर ही महाविद्यालये उभी राहिली.

मधला टप्पा कनिष्ठ महाविद्यालयाचा. केंद्रीय पद्धतीने अकरावीचे प्रवेश होतात तेव्हा अल्पसंख्याक कोट्याच्या जागा संस्थेच्या स्तरावर भरता येतात, पण त्या भरण्याइतके ख्रिस्ती विद्यार्थी परिसरात आहेत का, हे पहिल्या पाहणीच्या वहीत पाहून ठरवावे.

वरिष्ठ महाविद्यालयासाठी महाराष्ट्र सार्वजनिक विद्यापीठ अधिनियम, २०१६ लागू होतो. विद्यापीठ पाच वर्षांचा बृहत् आराखडा तयार करते, आणि त्या आराखड्याशी सुसंगत नसलेला अर्ज विचारातच घेतला जात नाही. म्हणून महाविद्यालय काढायच्या निदान दोन-तीन वर्षे आधी आराखडा मिळवून वाचावा, आपले ठिकाण त्यात नसेल तर तो तयार होत असताना विद्यापीठाकडे आकडेवारीसह निवेदन द्यावे. पुढे कलम १०९ प्रमाणे अर्ज, इरादापत्र, अटींची पूर्तता आणि अंतिम परवानगी असा क्रम आहे, व त्यानंतर संलग्नीकरण, म्हणजे विद्यापीठाशी अधिकृत जोडणी. इरादापत्र म्हणजे परवानगी नव्हे. त्यावर प्रवेश देऊ नयेत. प्राचार्य निवडण्याचा अल्पसंख्याक व्यवस्थापनाचा अधिकार सर्वोच्च न्यायालयाने २००६ च्या मलंकारा सीरियन कॅथलिक कॉलेजच्या निकालात मान्य केला असला, तरी निवडलेली व्यक्ती विहित पात्रतेची हवीच.

संलग्नता स्थिरावली की विद्यापीठ अनुदान आयोगाच्या अधिनियमातील कलम २(फ) आणि १२(ब) खालील मान्यता व नॅकचे (राष्ट्रीय मूल्यांकन व अधिमान्यता परिषदेचे) मूल्यांकन यांकडे वळावे. या प्रत्येक टप्प्यावर जुने कागद पुन्हा मागितले जातात: संस्थापक ठराव, नोंदणी प्रमाणपत्र, विश्वस्तांच्या नोंदीचा अद्ययावत उतारा, जमिनीचा भाडेपट्टा, दर्जाचे प्रमाणपत्र. मूळ कागद अग्निरोधक कपाटात ठेवावेत आणि एक साक्षांकित संच शाळेच्या इमारतीबाहेर, शक्यतो बँकेच्या लॉकरमध्ये असावा. स्कॅन केलेला संच सचिव आणि खजिनदार या दोघांकडे स्वतंत्रपणे द्यावा, आणि कार्यकारिणी बदलेल त्या दिवशी यादीप्रमाणे मोजून, सही घेऊन तो सुपूर्द करावा.